न उपटलेला वाफा

बाजाराच्या दिवशी तुला ताप आला. पुढचा बाजार भरायच्या आत तू गेलीस. मी दौंडला वर्गात होते. शिपायाने चिठ्ठी आणून दिली. मी ती वाचली, फळा पुसला आणि एस.टी. स्टँडवर गेले.

यात आणखी काही घालता येतं का ते मी बरेच दिवस बघते आहे, नसीम. इतिहास शिकवणारी बाई मी. एखाद्या मरणाच्या आधी कारणं मांडायची, नंतर परिणाम मांडायचे आणि मुलांकडून ते वहीत उतरवून घ्यायचे, ही माझी रोजची सवय. तुझ्या मरणाच्या कारणांखाली लिहायला डॉक्टरांचा एकच शब्द आहे, 'व्हायरल'. शिरूरच्या डॉक्टरांनी तो उच्चारला आणि पुण्याला हलवल्यावर तिथल्यांनीही तोच उच्चारला. कुठला, ते शेवटपर्यंत कुणी सांगू शकलं नाही. तू शुद्धीवर असतीस तर त्यांच्याशी भांडली असतीस. "व्हायरल म्हणजे काय? त्याला नाव-गाव काही आहे का नाही?" मिरचीच्या पानावर कुठला विषाणू बसला आहे हे तू पान उलटं करून सांगायचीस. तुझ्या अंगात कोण शिरलं ते सांगणारं कुणी नव्हतं.

तुला नेलं तेव्हा मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. तुमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत हे मला माहीत होतं, पण त्या नियमाचा माझ्याशी कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. पुरुष उठले, अंगणात चपला घासल्याचा आवाज झाला, आणि मग अंगणात एकही चप्पल उरली नाही. पुढे एकदा रहीमचाचांनी, तुझ्या अब्बांनी, रस्त्यावरूनच भिंतीपलीकडे हात करून दाखवलं. "त्या निंबाच्या हिकडं." मी तिकडे पाहिलं. निंब दिसला.

आपली ओळख कशी झाली ते आठवतं? मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली, मावशीकडे राहून शिरूरच्या कॉलेजात शिकणारी. तू घोडनदीच्या काठी नर्सरी असलेल्या बागवानांची. लायब्ररीत मी जागेवरून उठले तेवढ्यात माझ्या पुस्तकात कुणीतरी कसल्याशा झाडाचं पान ठेवून दिलं होतं. मी चिडून इकडेतिकडे बघते तोवर तू समोरून म्हणालीस, "राहू दे गं, दाबायला जड पुस्तक पाहिजे होतं. तुझं इतिहासाचं सगळ्यात जड." त्या दिवसापासून मी तुला पानवाली म्हणायला लागले आणि तू मला मडकेवाली. "कुंदे, तुम्ही मेलेल्यांची मडकी मोजता, आम्ही जित्यांचं बघतो." हे तू इतक्यांदा म्हणाली होतीस की आता ते आठवताना हसू येतं आणि तोंडातच थांबतं.

तू संशोधनाला पुण्याला गेलीस, मी नोकरीला दौंडला परतले. एका सुट्टीत आपण पुण्याहून एकाच गाडीने शिरूरला येत होतो. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत एस.टी. अडकली आणि तुला सांगायला वेळ मिळाला. परदेशात कुणीतरी जांभळी पेटुनिया अजून गडद करायला गेलं. रंगाचं जनुक झाडात होतंच, त्याच्या जोडीला तेच आणखी एक घातलं. फुलं आली ती पांढरी.

"बाहेरून आणलेलं गप्प झालं आणि घरचंही गप्प झालं," तू म्हणालीस.

"दोघं एकदम बोलायला लागली म्हणून दोघांनाही गप्प केलं?"

"आमच्या अम्मीसारखं. चूक कुणाची ते बघायचंच नाही. मला एक, सलीमला एक."

पुढच्या सीटवरचा माणूस मान वळवून म्हणाला, "ताई, ते पांढऱ्याचं बी हितं मिळंल का कुठं?" गाडी हलली तरी तुझं हसणं थांबलं नव्हतं. मग गंभीर होऊन तू म्हणालीस की झाडाला रक्त नाही, ताप नाही, पळून जाता येत नाही, तरी परक्याला ओळखून त्याची बोलती बंद करायची सोय त्याच्याकडे आहे, आणि ती आपल्या कुणाच्याच इतके दिवस लक्षात आली नाही. खिडकीबाहेर बघत तू हे बोललीस. त्या वेळी मला वाटलं होतं, हिला आयुष्यभराचं काम मिळालं.

चाचांची सकाळ तुला पाठ होती. उजाडलं की खांद्यावर गोणी टाकून ते मिरचीच्या वाफ्यांमधून फिरत. पानं वाटीसारखी वळलेली, आखडलेली दिसली की म्हणत, "आला बोकड्या." मग रोप मुळासकट उपटून गोणीत, आणि गोणी लांब नेऊन जाळायची. त्यात दयामाया नसे. त्यांच्या वडलांनीही तेच केलं होतं. म्हणून गेल्या हंगामात तू घरी येऊन राहिलेली असताना वाफ्यात उकिडवी बसून एका रोपाला हात आडवा घातलास तेव्हा ते खरंच रागावले.

"अब्बा, हे एक राहू दे."

"एक नासका आंबा सगळी आढी नासवतो. शिकून हेच यडपट शिकलीस का?"

"मी कुंडीत लावते. लांब ठेवते. पांढरी माशी ह्याच्यावरून दुसऱ्यावर जाणार नाही, माझी जबाबदारी."

आणि तू घरातली मच्छरदाणी काढून विहिरीजवळच्या त्या कुंडीवर बांधलीस. चाचींनी, तुझ्या अम्मीने, ते आल्या-गेल्याला सांगितलं. "बघा, आमच्याकडं मिरची मच्छरदानीत झोपती आन् मानसं मच्छरांत." तेव्हा सगळे हसले. मीही हसले. तुझ्या जाण्यानंतर ते वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नाही. फक्त एकदा, मी चहाचा कप विसळत असताना, चाची भिंतीकडे बघून म्हणाल्या, "मच्छरदानी झाडाला दिली पोरीनं." डासांमुळे झालं असं डॉक्टर म्हणाले नव्हते. डासांमुळे झालं नाही असंही म्हणाले नव्हते. कप आधीच स्वच्छ झाला होता, तरी मी तो परत विसळला.

तू मच्छरदाणी बांधलीस त्यानंतर काही आठवड्यांनी, एका दुपारी शाळेच्या ऑफिसात तुझा फोन आला. मुख्याध्यापक समोर बसलेले. तू ओरडत होतीस.

"कुंदे, वरची पानं सरळ आली!"

"कसली पानं?"

"बोकड्याची! खालची तशीच आहेत गं, मुरडलेली. पण शेंड्याला नवीन आलेली सगळी सपाट, हिरवीगार. रविवारी ये. नाही आलीस तर मेलीस."

रविवारी आले. मच्छरदाणी बाजूला सारून तू मला दाखवलंस. अर्धं झाड आजारी आणि अर्धं निरोगी, एकाच बुंध्यावर. मिरचीत हे क्वचित होतं असं तू म्हणालीस. चाचा शेजारी उभे होते. सगळी हयात त्यांनी असली झाडं पहिल्या वळलेल्या पानालाच उपटली होती, त्यामुळे पुढे काय होऊ शकतं हे बघायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी वरचं पान दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं आणि विचारलं, "हे कसं काय?"

तू मातीतच बसलीस. मला आजही तुझी ती बैठक दिसते, एक गुडघा वर, ओढणी कमरेला खोचलेली.

"विषाणू झाडात शिरतो ना अब्बा, तो स्वतः काही करत नाही. नुसता हुकूम सोडतो. माझ्यासारखे अजून बनवा, असा. तो हुकूम असतो आरएनएचा, म्हणजे एक लांब दोरा समजा, अक्षरांचा. झाडाला कळतं, हे आपल्या घरातलं लिहिणं नाही. मग झाड त्या दोऱ्याचे बारीक-बारीक तुकडे करतं. आणि ते तुकडे फेकून देत नाही, जपून ठेवतं. प्रत्येक तुकडा घेऊन शोधत फिरतं, ह्याच्याशी जुळणारं लिहिणं अजून कुठं आहे का. सापडलं की कापलं. आणि तुकड्यांचा निरोप वर शेंड्याला पाठवतं, विषाणू तिथं पोचायच्या आधी."

चाचा म्हणाले, "म्हंजी चोर पुढच्या गावात जायच्या आदी त्याचा फोटू पोचला."

"व्हय अब्बा! बरोबर!"

"मंग तर ह्याचं बी धरायचं. लाल हुस्तवर राहू दे मिरच्या. पुढच्या सालाला सगळा वाफा हाच."

तुझा चेहरा उतरला. "नाही उतरत बियाण्यात."

"का न्हाई? तिखटपना उतरतो, रंग उतरतो, मंग हे का न्हाई उतरनार? आमी बियाच धरत म्हातारं झालो."

"ते जनुकात असतं म्हणून उतरतं. हे झाडानं जगताना शिकलेलं आहे. बी तयार होताना ही पाटी पुसली जाते. प्रत्येक रोपाला पहिल्यापासून शिकावं लागतं. बरीचशी शिकतच नाहीत."

"कोन पुसतं पाटी?"

"तेच तर शोधायचंय, अब्बा."

ते उठले. जाताना म्हणाले, "वरच्याचा कारभार उलटाच हाय. बोकड्या पसरायला एक माशी बास, आन् शानपन पसरायला वाटच न्हाई."

संध्याकाळी तू मला लुनावरून सोडायला निघालीस आणि इनामगावला वळलीस, कारण तिथलं उत्खननात निघालेलं जुनं गाव तुला दाखवायला मी केव्हाची मागे लागले होते. घोडच्या काठची ती उंचवट्याची जमीन, बोरीची झाडं, वाळलेलं गवत. माझी मडकी. मी तुला सांगितलं की इथल्या घरांत मेलेली लहान मुलं मडक्यात घालून राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. जळालेले जवाचे दाणे इथे निघाले, हजारो वर्षं टिकलेले. म्हणजे काही ना काही मागे राहतंच, तुझी पाटी काही पूर्ण पुसली जात नाही.

तू ऐकून घेतलंस आणि मला फटकारलंस. "जळालेला दाणा उगवतो का? नाही ना? मग तो टिकला म्हणून कशाला आनंद? तो दाण्याच्या आकाराचा कोळसा आहे, कुंदे."

मी दुखावले. म्हणाले, "मग तुझ्या त्या झाडाचा तरी काय उपयोग? ते वाळलं की त्याचं सगळं शिकणं गेलं."

"झाड जगलं, हा उपयोग नाही का?"

"त्याच्यापुरता."

"त्याच्यापुरता म्हणजे थोडा?" तू माझ्याकडे रोखून बघितलंस. लुना चालू करताना मात्र तू नरमलीस. "एक वाट आहे. बियातून जात नाही, पण जोडातून जातं. शिकलेल्या झाडाच्या बुंध्यावर नव्या रोपाचा शेंडा कलम केला की खालचा निरोप वर चढतो. पुढच्या महिन्यात करू. तू धरायला ये, माझ्या एकटीचा हात हलतो."

मी येईन म्हणाले. 'त्याच्यापुरता म्हणजे थोडा?' याचं उत्तर तेव्हा देऊन टाकू असंही मनात ठरवलं होतं. उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आता तर प्रश्नच बदलून गेला आहे. तू तुझ्यापुरती जगलीस. ते थोडं होतं का, नसीम? मला थोडं वाटतं. मला फार थोडं वाटतं, आणि याबद्दल मी तुझंही ऐकणार नाही.

पुढचा महिना आला तो बाजाराच्या त्या दिवसासकट. सगळं घर तुझ्यापाठोपाठ पुण्याला गेलं. नर्सरीतल्या वाफ्यांना शेजारच्या माणसाने पाणी दिलं. विहिरीजवळ कुंडी होती हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. घरचे परत आले तेव्हा मच्छरदाणीच्या आत झाड वाळून उभं होतं. सरळ पानं कुठली, मुरडलेली कुठली, वाळल्यावर काही ओळखू येत नव्हतं. लाल मिरच्या तेवढ्या लटकत होत्या.

कलम करायला बुंधा राहिला नाही. मी त्या कुंडीपुढे उभी होते आणि मला तुझ्यासाठी रडू येत होतं की झाडासाठी, ते कळत नव्हतं. त्या दिवशी त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. चाचींनी मच्छरदाणी सोडवली, घडी केली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. तिला हात लावू नका म्हणून सांगितलं.

तुझा चाळिसावा दिवस झाला. नंतर मी गेले तर चाचा ओट्यावर त्या मिरच्या फोडून बी वेगळं करत होते. हात तिखटाने लाल झालेले. मला बघून म्हणाले, "बाई, तू हुतीस ना तवा. काय म्हनली हुती ती बियाचं?"

खोटं बोलायला माझी जीभ तयार होती. पण ते तुझं म्हणणं होतं. तुझ्यामागे तेवढं तरी मोडायचं नाही असं वाटलं.

"उतरत नाही म्हणाली होती, चाचा."

"व्हय. तसंच म्हनली हुती." आणि त्यांनी बी फुंकून साफ केलं, राखेत घोळलं. रस्त्याकडच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा एक गादीवाफा केला आणि पेरला. मला वाटलं, म्हाताऱ्याला तुझं म्हणणं कळलंय पण पटवून घ्यायचं नाहीये. मलाही ते पटवून घ्यायचं नव्हतं. दर रविवारी मी दौंडहून न्हावऱ्यावरून येणाऱ्या गाडीने यायला लागले. रोपं वर आली. इतकी नीटस, एकसारखी, तजेलदार, की मी तुझ्यावर मनातल्या मनात विजय मिळवला. परमेश्वर मला क्षमा करो, मला वाटलं, तू चुकलीस. आयुष्यात पहिल्यांदा तू चुकलेली मला हवी होतीस.

मग पांढरी माशी आली. एका रविवारी कोपऱ्यातलं रोप वळलेलं दिसलं. पुढच्या रविवारपर्यंत जवळजवळ सगळा वाफा आखडला होता. पानांच्या वाट्या झालेल्या, शिरा जाड, शेंडे खुरटलेले. तू बरोबर होतीस. तुझी पाटी पुसली गेली होती, आणि तुझं बरोबर असणं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी तुझा भाऊ सलीम चिडलेला होता. रोपं घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक तो वाफा बघून तसंच मागे फिरलं होतं.

"अब्बा, आता बास झालं. सगळ्या नर्सरीत पसरंल ते. गोनी कुठंय?"

"गोनी राहू दे."

"तुमीच शिकवलं ना, पयल्या पानाला उपटायचं? आँ? मला मारलंय तुमी त्याच्यापायी."

"मारलंय. ह्यो वाफा न्हाई उपटायचा."

मी मधे पडले. मला वाटलं त्यांना अजूनही आशा आहे आणि ती कुणीतरी हलक्या हाताने काढून घ्यायला हवी. "चाचा, तिनं सांगितलं होतं ना, बियाण्यात नाही..."

"मला माहीत हाय न्हाई उतरत." ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. मग आवाज खाली आला. "तिनं सांगितलेलं मी इसरलो न्हाई, बाई. पाटी पुसली जाती. परत्येकाला पयल्यापासनं शिकावं लागतं, असं म्हनली. शिकाय येळ लागतो ना? आन् मी जल्मभर काय केलं? पान वाकडं दिसलं की उपटलं. कुनालाच येळ दिला न्हाई. ती एकीला राखून दावून गेली. ही तिचीच हायती. एकीनं तरी परत शिकलं तर?"

सलीमने पायाने मातीचं एक ढेकूळ फोडलं.

चाची दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मच्छरदाणी घेऊन आल्या, वाफ्याच्या चार कोपऱ्यांना सलीमकडून काठ्या रोवून घेतल्या आणि कड मातीत दाबत, आमच्यापैकी कुणाकडे न बघता म्हणाल्या, "दुसऱ्याच्या रोपावर माशी जायला नको." एक कोपरा माझ्याकडे होता. मी गाठ मारली. तुझ्या कलमाला धरायला यायचं राहिलं होतं, त्याच्या जागी एवढं.

मी तुला खोटं सांगत नाही, यात मला काही दिलासा मिळालेला नाही. एका घराने तुझ्यासाठी आपली रीत मोडली, हे मोठं आहे, हे कळतं. पण मला रीत मोडलेली नको होती, तू हवी होतीस. अजूनही वर्गात शिकवताना काही गमतीचं सुचलं की रविवारी तुला सांगायचं म्हणून मी ते बाजूला ठेवते, आणि मग ते तसंच पडून राहतं. तू माझ्यात काय-काय ठेवून गेलीस ते शोधते तर हाताला लागतं ते एवढंच की कुठलंही पान दिसलं की मी ते उलटं करून बघते. हे तुझं आहे. माझ्यापुरतं आहे. मी गेले की जाईल.

वाफा उभा आहे. नर्सरीत गिऱ्हाईक कमी झालं आहे. मी रविवारी येते, मच्छरदाणीची कड उचलते आणि शेंडे बघते. चाचा मागे उभे असतात. नवी पानं येतात. अजून वाकडीच येतात.